बॅन उठवलास कसा?

‘व्हिडिओत चीटिंग ढळढळीत दिसत असताना त्याचा बॅन उठवलास कसा?’ काउंटर-स्ट्राइक या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमचा आमचा जुना सर्व्हर मी सांभाळायचे; तिथलं कुणीही भेटलं की पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसरा: ‘ओळखीतला होता का?’ नव्हता. इचलकरंजीचा, अकरावीतला पोरगा. मला ताई म्हणायचा, पण ताई तर तुम्ही सगळेच म्हणता.

दिवस आठवा. ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायला, भर स्पर्धेत, ऑप्टिक इंडिया संघाच्या खेळाडूच्या मशीनवर चीट, म्हणजे नेम लावून देणारा चोरटा प्रोग्रॅम, सापडलं. ‘वर्ड.एक्झी’ या त्याच्या फाइलीचे मीम तुम्हीच मला पाठवत होतात. डिसेंबरात गेम फुकट झाला, म्हणजे बॅन झाला तरी नवं खातं काढायला दमडी लागेना. चांगला नेम दिसला की चीटच दिसायचं. मलाही.

जानेवारीतली ती मॅच मिराज या नकाशावरची. त्याने धुरातून तिघांना मारलं. डेमो, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, मी पाव वेगाने आठ वेळा पाहिली. क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, एका डोक्यावरून थेट दुसऱ्यावर, मधला प्रवासच नाही. बॅन केलं, वर आयपी, म्हणजे त्याच्या इंटरनेट कनेक्शनचा पत्ताही बंद केला. नियमावलीचं कलम 7, ‘ॲडमिनचा निर्णय अंतिम’, मीच लिहिलं होतं आणि लिहिताना फार भारी वाटलं होतं.

रात्री त्याचा मेसेज: ‘ताई, मी कायच नाही केलं. सायबरमधून खेळतो, तिथं काय टाकायलाच येत नाही.’ मी उत्तर दिलं: ‘अपिलाचा फॉर्म भर.’ त्याने भरला. ‘पुरावा’ या रकान्यात सायबरवाल्याचा मोबाइल नंबर होता. मी हसले. स्क्रीनशॉट काढून तुमच्यातल्या दोघांना पाठवलाही.

अकरा दिवसांनी त्या नंबरवर फोन लावला. सायबरवाला म्हणाला, ‘बाराच्या बारा मशिनींवर तुमचा सर्व्हर बंद पडलाय. त्या पोराला सांगितलंय, हिकडं फिरकायचं न्हाई.’

एका पोरासाठी मी अख्खं सायबर बंद केलं होतं.

मग डेमोकडे पुन्हा नीट पाहिलं. सर्व्हर सेकंदाला 64 वेळा हिशेब करायचा, डेमोत मात्र 32 वेळाच नोंद व्हायची. अर्धी हालचाल फाइलीत नसतेच, त्यामुळे प्रामाणिक पण झटपट फिरवलेला माउससुद्धा उडी मारल्यासारखा दिसतो. आणि डिस्कॉर्ड ॲपवरचं बोलणं डेमोत येत नाही. त्याच्या टीममधल्या एकाला विचारलं, तर म्हणाला, ‘मीच ओरडलो होतो ना, जंगलात दोघं आहेत म्हणून.’ (जंगल, पॅलेस ही मिराजवरच्या जागांची नावं.) यातलं काहीच मला नवं नव्हतं. ते 32 मीच ठेवलं होतं, डिस्क भरते म्हणून.

बॅन उठवला. तो परत आला नाही.

आता तुम्ही म्हणता, मी भावनेच्या भरात उठवला. बरं. गेम बनवणाऱ्या वाल्व्हच्या ‘ओव्हरवॉच’ या तपासणी व्यवस्थेत डेमो तपासणाऱ्यापासून खेळाडूचं नाव लपवलेलं असायचं आणि ‘पुरावा अपुरा’ असाही पर्याय असायचा. माझ्यासमोर नाव होतं, स्कोअर होता आणि चॅटमध्ये तुम्ही वीस जण ‘बॅन कर, बॅन कर’ करत होतात. पण बटण मीच दाबलं, तेही खरं. तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल, ‘मग काय, चीटर सोडून द्यायचे? बाकीच्या नऊ जणांच्या संध्याकाळीचं काय?’ तिला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नाही.

शिवाय तिसरा किल आहे. जंगलात दोघं होते, तिसरा पॅलेसमध्ये. त्याला कुणी पाहिलं नव्हतं, त्याच्या पावलांचा आवाजही डेमोत ऐकू येत नाही. तरी पोरगा गोळी झाडायच्या आधी तिकडे वळतो. नशीब असेल. सवयीने तो कोपरा तपासला असेल. नसेलही.

काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये त्या जुन्या डेमो उघडत नाहीत, जुनी आवृत्ती वेगळी उतरवावी लागते. मी ती उतरवून ठेवली आहे. बाकी कशासाठीच नाही.