साडेतीन म्हणजे साडेतीन

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, चिपळूण आगाराला. गणपती जवळ आले की जेवतानासुद्धा त्यांच्या डोक्यात कशेडी घाट चालू असायचा. बायकोला इथे नर्सची नोकरी मिळाली म्हणून मी इंग्लंडला आलो, कोचचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसचं, लायसन्स काढलं, आणि आता ऑगस्ट लागला की माझंही तेच होतं. फक्त घाटाच्या जागी एम-फाइव्ह हा महामार्ग.

ऑगस्टचा शेवटचा सोमवार म्हणजे इथला बँक हॉलिडे, सार्वजनिक सुट्टी. 1871 च्या मूळ कायद्यात तो ऑगस्टचा पहिला सोमवार होता, स्कॉटलंडमध्ये आजही तोच आहे. इंग्लंडमध्ये तो महिनाअखेरीला गेला आणि शाळा उघडण्याआधीच्या शेवटच्या मोठ्या सुट्टीला येऊन चिकटला. त्यामुळे ज्याला म्हणून समुद्र बघायचा असतो तो त्याच तीन दिवसांत निघतो, आणि त्यातले बरेच नैऋत्येच्या डेव्हन-कॉर्नवॉल किनाऱ्याकडे.

लंडनजवळच्या स्लाउहून कॉर्नवॉलमधल्या न्यूकीला जायचं होतं. 49 सीटचा कोच, सगळी मराठी मंडळी, त्यात भारतातून आलेले बरेच आजी-आजोबा. अंतर साधारण 260 मैल. सहल ठरवणाऱ्या ताई म्हणाल्या, "शनिवारी सकाळी आठला आरामात निघू." मी म्हणालो, "ताई, पहाटे साडेतीन."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मी कागद घेतला आणि त्यांना समजावून सांगितलं. तिकडच्या सुट्टीच्या घरांची अदलाबदल बहुतेक शनिवारीच होते. जुने पाहुणे दहाच्या सुमाराला खोल्या सोडतात, नव्यांना तीन-चारला ताबा मिळतो. म्हणजे दहापासून तिकडून इकडे आणि इकडून तिकडे, दोन्ही बाजूंनी रस्ता भरतो. दुसरा रस्ता ए-303 चा. तो स्टोनहेंजच्या प्राचीन दगडी वर्तुळाला खेटून जातो, तिथे एकेरी लेन आहे आणि जो तो दगड बघायला गाडी हळू करतो. तिथे व्हायचा असलेला बोगदा सरकारने 2024 मध्ये रद्दच केला. त्यामुळे कोचला एम-फोर, एम-फाइव्ह आणि पुढे ए-थर्टी हाच मार्ग.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माझं घड्याळ. साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. ती तोडून घेता येते, पण आधी 15 आणि मग 30, उलट नाही. गाडीतला टॅको, म्हणजे वेळ नोंदवणारं यंत्र, मिनिट न् मिनिट लिहून ठेवतो. रांगेत मुंगीच्या पावलाने सरकलात तरी ते ड्रायव्हिंगच. काही अनपेक्षित घडलं तर सुरक्षित जागी पोचेपर्यंत सवलत आहे, टॅकोचा कागद काढून त्यावर हाताने कारण लिहायचं. पण बँक हॉलिडेची गर्दी हे कारण लिहिता येत नाही. ती तर कॅलेंडरात छापलेली असते. मला हा नियम पटतो. माझ्या मागे 49 जीव बसलेले असतात.

ताईंना पटलं. साडेतीनला निघायचं, ली डेलामेअर सर्व्हिसेसला, म्हणजे एम-फोरवरच्या थांब्याला, 15 मिनिटं, सातला एक्सेटर, तिथे अर्धा तास नाश्ता, आणि नऊ वाजता ईडन प्रोजेक्ट. चिनीमातीच्या जुन्या खाणीत उभारलेली ती प्रचंड काचघरासारखी बाग. हॉटेलची खोली तीनला मिळणार होती, तोवर मंडळी तिथे रमली असती.

शनिवारी साडेतीनला 45 जण बसले होते. एक चौघांचं कुटुंब आलं नव्हतं. त्यांची टॅक्सी ऐनवेळी रद्द झाली होती, दुसरी मिळत नव्हती. त्यांना सोडून जाणं शक्य नव्हतं, तसं मनातही आलं नाही. पण स्टिअरिंगवर हात ठेवून मी मिनिटं मोजत होतो. ते आले, बॅगा चढल्या, गाडी हलली तेव्हा चार वीस झाले होते. पन्नास मिनिटं गेली.

एम-फोर रिकामा होता. ली डेलामेअरला पावणेसहाला पोचलो, तांबडं फुटत होतं. पंधरा मिनिटांची पंचवीस झाली, कारण आजींची रांग. त्याला इलाज नाही, आणि त्यांना घाई करायला माझी जीभ रेटत नाही. ब्रिस्टल ओलांडून एम-फाइव्हला लागलो तर सातच्या आतच तिन्ही लेन भरलेल्या. त्यातली उजवीकडची आम्हा कोचवाल्यांना बंदच. वेस्टनच्या एक्झिटपाशी पुढच्या गाड्यांचे ब्रेकलाइट लागले ते लागलेच. रेडिओवर कळलं, पुढे सहा-दहाच्या सुमाराला एक कॅरव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आडवी झालीय.

साडेतीनला निघालो असतो तर सहाच्या आत आम्ही तिथून पार झालो असतो. हे गणित मी मोठ्याने बोललो नाही, पण गाडीतल्या बऱ्याच जणांनी ते करून पाहिलं असावं. त्या चौघांच्या आजूबाजूला अगदी शांतता होती.

दोन तास आम्ही सरकत होतो. मधल्या एका आजोबांनी नाश्त्याच्या हिशोबाने इन्सुलिन घेऊन ठेवलं होतं. त्यांचा घाम मला आरशात दिसला. मी माइकवर विचारलं, "कोणाकडे खायला काही आहे का?" सगळ्यांत आधी उठली ती उशिरा आलेल्या कुटुंबातली बाई. तिने डबा उघडला, दुधातल्या दशम्या आणि गुळाचा खडा काढला, आणि आजोबांच्या शेजारी गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा त्यांच्या हातात देत राहिली. आजोबांचा चेहरा निवला तेव्हा कुठे माझे खांदे खाली आले.

कॅरव्हॅन बाजूला झाली, रस्ता मोकळा झाला. टॅकोवर 16 मिनिटं उरली होती. सेजमूर सर्व्हिसेस समोरच, पण तासन्‌तास अडकलेली सगळी दुनिया तिथेच वळत होती. आत जायच्या रस्त्यावरच कॅरव्हॅनची रांग लागली होती, कोचच्या जागेपर्यंत पोचायची शाश्वती नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "दादा, इथेच घ्या ना." मी घेतली नाही. पुढचा थांबा ब्रिजवॉटर 12-13 मैलांवर, आणि माझा वेग अडवणारा लिमिटर ताशी 62 मैलांना बांधलेला. टॅकोचा इशारा लागला, पंधरा मिनिटं. त्या वेळात मी आरशाशिवाय कुठेही पाहिलं नसेल. ब्रिजवॉटरच्या कोचपार्किंगमध्ये हँडब्रेक ओढला तेव्हा दोन मिनिटं शिल्लक होती. अपघाताचं कारण लिहून सवलत मागता आली असती. पण आमच्या वाट्याचा खरा उशीर टॅक्सीचा होता, आणि खोटं कारण लिहायला मला जमलं नसतं.

ईडन प्रोजेक्ट गेला. ए-थर्टीवर पुन्हा गर्दी, कारण तोवर घरं सोडणारे आणि घरं घ्यायला निघालेले दोघेही रस्त्यावर होते. न्यूकीला पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. ज्या आजींना काचघरातली केळीची झाडं बघायची होती, त्या मला म्हणाल्या, "राहू दे रे बाळा, नीट आणलंस." मला वाईट वाटलं ते वाटलंच.

परतीचा दिवस सोमवार. दुपारनंतर सगळं इंग्लंड उत्तरेकडे वळतं, म्हणून मी पुन्हा पहाटेची साडेतीनच सांगितली होती. तीनला गाडी गरम करायला खाली उतरलो तर हॉटेलच्या दारात अंधारात चार बॅगा ओळीने उभ्या होत्या. त्यातल्या एकीवर तो उशिरा आलेला गृहस्थ मोबाइलची बॅटरी लावून बसला होता. मला बघून उठला.

"दादा, बाकीच्यांच्या खोल्यांची दारं वाजवून आलोय. लॉकर उघडा, मी सामान लावतो."