लिंक एकच, उघडणारे अनेक

"माझ्याकडे उघडतेय, तुमच्याकडे का नाही?" सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्सची लिंक पडली की हा प्रश्न ठरलेला. मग कोणी क्रोम अपडेट करायला सांगतं, कोणी कॅश साफ करायला. फुकटचा सल्ला द्यायला पुण्यात माणसं कमी नाहीत, पण या दोन्हींचा बहुतेक वेळा उपयोग होत नाही.

लिंक म्हणजे नुसता मजकूर. तिचं काय करायचं, हे उघडणारा ठरवतो. त्यामुळे 'ब्राउझर कुठला' याच्याही आधी विचारायचं ते 'लिंक कुठून दाबली'. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमध्ये दाबली की पान त्या अ‍ॅपच्या आतच उघडतं. अँड्रॉइडवर आत असतो वेबव्ह्यू, म्हणजे आतच बसवलेला छोटा ब्राउझर: दिसतो क्रोमसारखा, पण कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) क्रोमच्या नाहीत. म्हणून क्रोममध्ये लॉगिन असलेली साइट इथे पुन्हा पासवर्ड मागते. फाइल डाउनलोड करणं, फोटो अपलोड करणं, नवी खिडकी उघडणं ही कामं वेबव्ह्यूला आपोआप जमत नाहीत. अ‍ॅप लिहिणाऱ्याला त्यांची एकेक सोय करावी लागते. पावतीची पीडीएफ दाबून दाबून उतरत नाही, ती बरेचदा यामुळे. आयफोनवर तर 'टार्गेट'ला 'ब्लँक' दिलेली, म्हणजे नव्या खिडकीत उघडायला सांगितलेली लिंक, अ‍ॅपमध्ये तिची सोय नसेल तर, दाबल्यावर काहीच करत नाही. एररसुद्धा येत नाही. अशा वेळी कोपऱ्यातल्या तीन टिंबांत 'ब्राउझरमध्ये उघडा' असतं, ते आधी करून पाहावं.

सगळ्यात जास्त तक्रारी यूपीआयच्या लिंकबद्दल असतात. तिची सुरुवात एचटीटीपीएसने होत नाही, 'यूपीआय' याच शब्दाने होते. पुढे पैसे घेणाऱ्याचा आयडी, नाव आणि रक्कम. अँड्रॉइडवर क्रोममधल्या पानावर ती दाबली की फोनमधल्या पेमेंट अ‍ॅपची यादी समोर येते. वेबव्ह्यूला ही सुरुवात ओळखीची नसेल तर 'अननोन यूआरएल स्कीम' असा एरर येतो. आयफोनवर एकाच सुरुवातीवर अनेक अ‍ॅपनी हक्क सांगितला असेल तर कुठलं उघडेल याची अ‍ॅपल हमी देत नाही. यादी न विचारता एखादंच उघडतं, आणि ते आपल्या रोजच्या वापरातलं असेलच असं नाही. लॅपटॉपवर सहसा काहीच घडत नाही. तेव्हा सेक्रेटरींनी नुसती लिंक टाकू नये. खाली क्यूआर आणि साधा आयडीही द्यावा.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक. भारतात आयफोनवर क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आतलं इंजिन (पान प्रत्यक्ष मांडून दाखवणारा भाग) सफारीचंच, म्हणजे वेबकिट. युरोपीय संघात २०२४ पासून दुसऱ्या इंजिनाला परवानगी मिळाली, आपल्याकडे ती नाही. त्यामुळे आयफोनच्या क्रोममध्ये अडलेली लिंक अँड्रॉइडच्या क्रोमवर तपासून काही कळत नाही. ती सफारीतच तपासायची.

पान बनवणाऱ्यांची नेहमीची चूक वेगळी असते. बटण दाबलं, सर्व्हरकडून उत्तर आलं आणि मग स्क्रिप्टने, म्हणजे पानातल्या कोडने, नवी खिडकी उघडली. क्रोम दाबल्यापासून साधारण ५ सेकंद हे चालवून घेतो, सफारी त्याआधीच पॉप-अप समजून अडवते. ऑफिसच्या वेगवान नेटवर सगळं सुरळीत चालतं आणि रेंज कमी असलेल्या पार्किंगमध्ये नेमकं बिघडतं, ते यामुळे. शक्य तिथे साधी लिंकच ठेवा. नाहीच जमलं तर दाबताक्षणी रिकामी खिडकी उघडून पत्ता नंतर भरा.

काही फरक निव्वळ आवृत्तीचे असतात. पानावरचं नेमकं वाक्य रंगवून दाखवणारी लिंक क्रोममध्ये २०२० साली आली, सफारीत २०२२ साली आणि फायरफॉक्सला थेट २०२४ साली. जुन्या ब्राउझरमध्ये पान उघडतं, पण वरूनच. तिथे वाक्य शोधत बसावं लागतं, एवढंच.

मराठी पत्त्यांचं प्रकरण मात्र खास आपलं. 'पुणे' या शब्दात संगणकाच्या हिशेबी चार चिन्हं: प, उकार, ण, मात्रा. प्रत्येकाचे तीन बाइट, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. झाली ३६ अक्षरं! अ‍ॅड्रेस बारमध्ये 'पुणे' दिसतं आणि कॉपी करून पेस्ट केलं की ही लांबलचक माळ येते. लिंक बिघडलेली नसते.

खरी मेख 'ऱ्य'मध्ये आहे. 'दऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. साइटच्या नावात हे अदृश्य चिन्ह आलं तर २०२३ च्या ११० व्या आवृत्तीआधीचा क्रोम ते गाळून टाकायचा, फायरफॉक्स आणि सफारी ठेवायचे; म्हणजे त्याच नावाचे दोन वेगळे पत्ते तयार व्हायचे. नावाचा हा घोळ आता मिटलाय. पण नावापुढच्या, पानाच्या पत्त्यात ब्राउझर काहीच गाळत नाही. तिथे एका कीबोर्डने बनवलेलं पान आणि दुसऱ्या कीबोर्डने हाताने टाइप केलेली लिंक जुळली नाही, तर कुठल्याही ब्राउझरमध्ये ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' असा एरर, येऊ शकतो. मराठी पत्ता कधी हाताने टाइप करू नका, पान उघडून कॉपीच करा.