मंडळीत समेट झाला, चेंज रिपोर्ट मात्र अडकला: माझा अनुभव

चर्चच्या मंडळीत भांडण लागलं की बायबलमधला मत्तयाचा १८ वा अध्याय प्रत्येकाला आठवतो: आधी भावाला एकट्याने भेट, मग दोघे-तिघे साक्षीदार ने, मग मंडळीला सांग. धर्मादाय कार्यालयात, म्हणजे ट्रस्टची नोंदणी होते त्या सरकारी कार्यालयात, घातलेली हरकत मागे कशी घ्यायची, हे मात्र कुणालाच धड सांगता येत नाही. आमच्याकडे दोन्ही बाजू एका टेबलाशी बसल्या, सह्या झाल्या, प्रभुभोजनाला एकाच रांगेत उभ्या राहिल्या, आणि तरीही कागद कार्यालयात तसाच पडून राहिला. समेट घडवायला जेवढा जीव आटला नाही, तेवढा तो समेट त्या वाट पाहण्याच्या काळात टिकवायला आटला. दुसऱ्या मंडळ्यांवर ही वेळ येऊ नये, आलीच तर काय करायचं ते माहीत असावं, म्हणून लिहितो आहे.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातली, मराठी, प्रॉटेस्टंट. ट्रस्टची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. वार्षिक सभेत नवे विश्वस्त निवडले गेले, विश्वस्त बदलल्याची नोंद व्हावी म्हणून नियमाप्रमाणे धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल झाला आणि मंडळीतल्याच काही जणांनी त्यावर हरकत घेतली. निवडणूक बेकायदा आहे, असं हरकतीत लिहिलं होतं. खरं दुखणं वेगळं होतं: सभासद यादी. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या कुटुंबांची नावं वर्गणी थकली म्हणून गळली होती. शिवाय काही सुनांचा बाप्तिस्मा माहेरच्या नावाने नोंदलेला आणि वर्गणीची पावती सासरच्या नावाने, त्यामुळे त्या दोन्ही रजिस्टरांत असूनही यादीत कुठेच नव्हत्या.

समेटासाठी तिघांची समिती केली, त्यात मी एक होतो. एक जण या बाजूने सुचवलेला, एक त्या बाजूने, आणि तिसरे शेजारच्या तालुक्यातले निवृत्त पाळकसाहेब. हा तिसरा माणूस बाहेरचाच हवा. आपल्या मंडळ्यांमध्ये सोयरीकच इतकी की मंडळीच्या आत कुणाचाच नातेवाईक नसलेला माणूस सापडत नाही. ‘दोघे-तिघे साक्षीदार’ याचा अर्थ लोक सर्रास ‘माझ्या बाजूचे दोघे-तिघे’ असा घेतात आणि तिथेच मत्तय १८ ची वाट लागते. येशूने पहिली पायरी एकट्याने जाण्याची सांगितली आहे. आमच्याकडे ती कुणीच केली नव्हती. हरकतीचा मसुदा वकिलांकडे तयार झाला तोवर एकही जण दुसऱ्याच्या घरी गेलेला नव्हता. म्हणून समितीने पहिलं काम हेच केलं: दोन्ही बाजूंच्या मुख्य माणसांना एकमेकांच्या घरी, एकेकट्याने, एकाच विषयावर बोलायला पाठवलं. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात असं बोलणं कधीही करू नये. तिथे ऐकणारे जमतात, आणि ऐकणारे जमले की माणूस समोरच्याशी न बोलता त्यांच्यासाठी बोलायला लागतो.

एकत्र बैठकांचे नियम थोडे होते, पण ते आम्ही कडक पाळले. दीड तासाच्या वर बैठक नाही. प्रार्थना फक्त बाहेरून आलेले पाळकसाहेब करतील. हा नियम वाचून काहींना वाईट वाटेल, पण ज्यांनी भांडणातल्या मंडळीत प्रार्थना ऐकल्या आहेत त्यांना तो लगेच पटेल. ‘प्रभू, काही बंधूंचं अंतःकरण कठीण झालंय, त्यांना नम्र कर’ अशी प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी डोळे मिटलेले असताना मारलेला टोमणा असतो, आणि आमेन म्हणून होईपर्यंत त्याला उत्तरही देता येत नाही. उपदेशाचंही तसंच. आमच्या पाळकसाहेबांना आम्ही हात जोडून विनंती केली की समेट पूर्ण होईपर्यंत व्यासपीठावरून या विषयाला हात लावू नका, आडूनसुद्धा नको. त्यांनी ते पाळलं, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत.

यादीचा तिढा बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायाने सुटला. तिथे रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना झापलं नाही. मंडळीने सात जण निवडले, आणि स्तेफन, फिलिप्प यांच्यापासून पुढची सगळी नावं ग्रीक आहेत. तक्रार ज्यांची, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं असं दिसतं. आम्ही तेच केलं. यादी तपासायच्या गटात हरकत घेणाऱ्या बाजूचे लोक जास्त ठेवले. टेबलावर बाप्तिस्मा रजिस्टर, विवाह रजिस्टर आणि वर्गणीची पावतीपुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवून एकेक नाव जुळवलं. माहेरचं नाव आणि सासरचं नाव जोडायला विवाह रजिस्टर हाच पूल, ते नसेल तर हे काम होत नाही. ज्या बाजूवर अविश्वास होता तिच्याच हाती पेन्सिल आल्यावर आवाज आपोआप खाली आले. नव्या विश्वस्तांच्या बाजूच्या काहींना हे आवडलं नव्हतं, ‘शरणागती पत्करली’ असंही कुणी बोललं. मला तरी यापेक्षा चांगला मार्ग दिसत नाही.

समेटाचा कागद एका पानाचा करावा. ‘झालं गेलं विसरून प्रेमाने राहू’ असलं वाक्य त्यात घालू नये, त्याने कुणी बांधलं जात नाही. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत करणार, एवढंच लिहावं. आमच्या कागदात यादीची मुदत होती, हरकत मागे घेण्याचं काम होतं, पुढच्या निवडणुकीची रीत होती आणि माफीचा मुद्दा होता. अपमान जिथे झाला तिथेच माफी, असं ठरलं. सभेत बोललेल्या शब्दांची माफी सभेत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलेल्याची त्याच ग्रुपवर. शंभर जणांत अपमान करून घरी जाऊन हळूच माफी मागितली तर उरलेल्यांच्या मनात तो अपमान तसाच राहतो.

आता मुख्य गोष्ट.

आम्हा सगळ्यांची समजूत अशी होती की हरकत घेणाऱ्यांनी ‘आमची तक्रार नाही’ असं लिहून दिलं की चेंज रिपोर्ट मंजूर. तसं होत नाही. हरकत मागे घेणं ही एक गोष्ट आणि चेंज रिपोर्ट मंजूर होणं ही दुसरी. त्या अधिनियमाच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयातल्या अधिकाऱ्याला बदल कायदेशीर झाला की नाही हे स्वतः पाहावं लागतं. सभेची नोटीस नियमाप्रमाणे निघाली होती का, ती सभासदांना मिळाल्याच्या सह्या आहेत का, प्रोसिडिंग बुकात ठराव नीट लिहिला आहे का, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं आहेत का, जुन्यांपैकी कुणी वारले असतील तर मृत्यूचा दाखला आहे का. अर्ज करणाऱ्या विश्वस्ताला शपथपत्रावर पुरावा द्यावा लागतो, सरतपासाचं शपथपत्र म्हणतात ते. दोन्ही बाजू हातात हात घालून उभ्या राहिल्या तरी हे टळत नाही.

त्याआधी पुरसिस. हरकत मागे घेतो असं लिहून देण्याच्या कागदाला तिथे पुरसिस म्हणतात, आणि तिच्यावर हरकतीवर सह्या केलेल्या प्रत्येकाची सही मागतात. आमच्या हरकतदारांपैकी एक वयस्कर काका दरम्यान मुलाकडे परराज्यात राहायला गेले होते. बाकीच्यांनी सह्या करून पुरसिस नेली, ती परत आली. शिवाय हरकतदारांनी वकीलपत्र दिलेलं असल्यामुळे वकिलांची सही लागणार होती, आणि आपली बाजू माघार घेणार म्हटल्यावर वकिलांना त्या तारखेला यायची घाई उरलेली नव्हती. पुढची तारीख पडली. त्या तारखेला काका आले, वकील आले, तर साहेब रजेवर. त्यापुढच्या तारखेच्या आत साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब येईपर्यंत बोर्डावर नुसत्या पुढच्या तारखा लागत राहिल्या. दर वेळी कुणीतरी पगार बुडवून येतं, वरांड्यात उभं राहतं, आणि दुपारी टेबलावरून एकच वाक्य ऐकून परत जातं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तिथल्या कुणी लाच मागितली किंवा अपमान केला असं मुळीच नाही. पण माणसं समेट करून दारात उभी असताना त्यांची फाईल भांडणाच्या ढिगातच ठेवायची, ही पद्धत मला समजत नाही.

आणि खरा धोका इथेच असतो. तारीख पडली की मंडळीत लगेच कुजबुज सुरू होते: ‘त्यांनी मुद्दाम सही केली नाही’, ‘वरून गोड बोलतात, आतून केस चालूच ठेवलीय’. कार्यालयाच्या दिरंगाईचं खापर समोरच्या बाजूवर फुटतं. हे थांबवायला जे उपयोगी पडलं ते सांगतो. प्रत्येक तारखेला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस एकाच गाडीतून गेला. परत आल्यावर दोघांनी मिळून दोन ओळींचा निरोप ग्रुपवर टाकला: आज काय झालं, पुढची तारीख कोणती. ग्रुपवर लिहिण्याचा अधिकार तेवढ्या काळापुरता फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवला. कुणाला शंका आली तर रोजनाम्याची नक्कल काढून दाखवायची, कारण त्या दिवशी कोण हजर होतं आणि काय झालं हे रोजनाम्यात लिहिलेलं असतं. एका रविवारी अशा नकलेनेच वाद मिटला, तारीख साहेबांच्या रजेमुळे पडल्याचं त्यात स्पष्ट होतं.

पैशाचा प्रश्न याच काळात येतो. चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत शेड्युल वनवर, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदवहीत, जुन्याच विश्वस्तांची नावं असतात, आणि बँक शेड्युल वनचा उतारा पाहिल्याशिवाय सह्या बदलत नाही. म्हणजे चेकवर सही जुन्या खजिनदारांची. पाळकांचा पगार, विजेचं बिल, सफाई, दफनविधीचा खर्च, एवढ्यांचीच यादी करून आम्ही ठरवलं की दोन्ही बाजूंच्या एकेकाची सही असलेली चिठ्ठी आल्यावरच जुन्या खजिनदारांनी चेक लिहावा. बाकी सगळा खर्च थांबवला, रंगकामसुद्धा. अर्पणाची मोजणी त्याच रविवारी, चर्चमध्येच, नातं नसलेल्या दोघांनी करायची, वहीत आकडा लिहून दोघांनी सही करायची आणि सोमवारी भरणा. हे खरं तर भांडण नसतानाही करायला हवं.

आजारपण आणि मरण वादाच्या बाहेर, हे अगदी पहिल्या बैठकीत ठरलं होतं. वर लिहायचं राहिलं. कुणाच्याही घरी मयत झाली तर दोन्ही बाजूंनी जायचं आणि कब्रस्तानात केसचा शब्द काढायचा नाही.

प्रेषित पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ६ व्या अध्यायावरून आम्हाला बरंच ऐकावं लागलं: विश्वासणाऱ्यांनी कोर्टात जाऊच नये म्हणून. पौल बोलतो ते भावाने भावावर फिर्याद करण्याबद्दल. चेंज रिपोर्ट दाखल करणं ही फिर्याद नव्हे, ते विश्वस्तांचं कायद्याने ठरलेलं काम आहे, आणि बदल झाल्यापासून ९० दिवसांत ते करावं लागतं. उशीर झाला तर विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो, आणि तो उशीरच पुढच्या भांडणाला निमित्त होतो. पौलाचा शब्द लागू होतो तो हरकतीला. हरकत घेण्याआधी भावाच्या घरची पायरी चढली होती का, एवढं स्वतःला विचारावं. मात्र पैशांचा अपहार, मारहाण, बाई-मुलांशी गैरवर्तन अशा गोष्टी समेटाच्या टेबलावर आणू नयेत. हिशोबाची शंका ऑडिटरकडे आणि गुन्हा पोलिसांकडे. शांतीच्या नावाखाली असले विषय दाबले की ज्याच्यावर अन्याय झाला तोच मंडळी सोडून जातो.

हरकत घातलेली असेल आणि समेटाची चिन्हं असतील तर पहिल्याच बैठकीनंतर सगळ्या हरकतदारांच्या सह्या एका पुरसिसवर घेऊन ठेवा, वकिलांना त्याच आठवड्यात कळवा, आणि सरतपासाचं शपथपत्र, प्रोसिडिंग बुकाच्या नकला, संमतीपत्रं एका फाईलमध्ये तयार ठेवा. पुरसिस दाखल होईल त्याच तारखेला शपथपत्रही देता आलं तर एक फेरी वाचते. आमची ती वाचली नाही, कारण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

नव्या साहेबांनी फाईल पाहिली, कागद पुरे होते, आदेश झाला. मंजुरीची बातमी दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकत्रच पाळकसाहेबांना जाऊन सांगितली, तेव्हा मला फार बरं वाटलं. आदेशाच्या आणि नव्या शेड्युल वनच्या प्रमाणित नकला एकापेक्षा जास्त काढा. एक बँक ठेवून घेते, एक ऑडिटरला लागते, आणि एक चर्चच्या कपाटात रजिस्टरांबरोबर राहू द्या.

यादी आता ३१ मार्चला बंद होते आणि वार्षिक सभेच्या ३० दिवस आधी सूचना फलकावर लागते. चूक असेल तर १५ दिवसांत लेखी कळवायचं. बाहेरगावच्या सभासदांनी वर्गणी ऑनलाइन भरली तरी पावती मागून घ्यावी, आणि लग्न झालेल्या मुलींनी दोन्ही नावं एकदाच नोंदवून घ्यावीत.