सफरचंदावरील स्कॅब : पहिल्या फवारण्यांसाठी बुरशीनाशकाची निवड

हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागांमध्ये मार्चच्या अखेरीस कळ्यांची टोके हिरवी दिसू लागली की कोणत्या बुरशीनाशकाचा ‘रिझल्ट’ चांगला, ही चर्चा सुरू होते. नाशिकच्या द्राक्षबागांत डाऊनी (केवडा) रोगाच्या औषधांविषयी हाच प्रश्न वर्षानुवर्षे ऐकत आलो असल्याने तो मला परका वाटत नाही. परंतु हंगामाच्या आरंभी औषधांची तुलना पावसाचा संदर्भ सोडून करता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाआधी काय फवारावे आणि पाऊस होऊन गेल्यावर काय फवारावे, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

काश्मीरमध्ये १९७३ साली आणि हिमाचलमध्ये १९८२-८३ च्या सुमारास ज्या रोगाने थैमान घातले, त्या स्कॅबची, म्हणजे पानांवर आणि फळांवर काळपट खरबरीत डाग पाडणाऱ्या रोगाची, बुरशी गळून पडलेल्या पानांत हिवाळा काढते. वसंतातील पावसाने ही पाने भिजली की त्यांतून बीजाणू उडतात, कोवळ्या पालवीवर बसतात आणि पान पुरेसा वेळ ओले राहिले तर आत शिरतात. १९४४ मध्ये वनस्पतिरोगतज्ज्ञ मिल्स यांनी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यानुसार १६ ते २४ अंश सेल्सिअसला सुमारे ९ तासांचा, तर १० अंशांना सुमारे १४ तासांचा ओलावा सौम्य लागणीस पुरतो. मॅकहार्डी आणि गॅडुरी यांनी १९८९ मध्ये हे अवधी साधारण तीन तासांनी कमी केले, म्हणजे एका रात्रीची भुरभुरही पुरेशी ठरू शकते.

मॅन्कोझेब आणि कॅप्टान ही दोन्ही स्पर्शजन्य बुरशीनाशके बीजाणूला पानाच्या पृष्ठभागावर रुजू देत नाहीत. बुरशी एकदा आत गेली की त्यांचा उपयोग जवळजवळ संपतो. २०० लिटरच्या ड्रमला ६०० ग्रॅम, ही दोघांचीही नेहमीची मात्रा. निव्वळ स्कॅबवरील परिणाम पाहिला तर मी कॅप्टानला किंचित झुकते माप देईन, पण पहिल्या फवारणीला मात्र मॅन्कोझेबच निवडेन. याचे कारण रोगात नसून किडींत आहे. सॅन होजे खवले कीड आणि कोळी यांच्यासाठी याच सुमारास बागेत खनिज तेल फवारले जाते, आणि तेलाबरोबर किंवा तेलाच्या मागेपुढे थोड्या दिवसांत कॅप्टान पडले तर ते तेलामुळे पानाच्या आत शिरून पाने भाजते. शिवाय अल्कधर्मी पाण्यात कॅप्टानचे विघटन फार लवकर होते. पाण्याचा सामू (pH) ९ च्या आसपास असेल तर ते काही मिनिटांतच निकामी होऊ लागते. ड्रम भरून ठेवून जेवायला जाण्याची पद्धत त्यामुळे महागात पडते.

या दोन्ही औषधांची मर्यादा धुऊन जाण्याची आहे. साधारण २५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस ती सोसतात आणि ५० मिलिमीटरनंतर संरक्षण उरले नाही असे धरावे. त्यातही गेल्या फवारणीनंतर उमललेल्या नव्या पानावर औषध मुळातच नसते.

डोडिन हे बुरशीनाशक निव्वळ संरक्षण करणारी ही औषधे आणि लागणीनंतर काम करणारी औषधे यांच्या मध्ये बसते. ते संरक्षण करते आणि लागणीनंतर एखाद्या दिवसापर्यंत मागे जाऊनही काम करते. परंतु न्यूयॉर्क राज्यातील बागांत सुमारे दशकभर त्याच्यावरच भिस्त ठेवल्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस बुरशी त्याला जुमानेनाशी झाली, हे विसरून चालणार नाही.

पाऊस होऊन गेला, फवारणी चुकली, तर डायफेनोकोनॅझोलसारखे ट्रायझोल गटातील आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणारे) औषध उपयोगी पडते. ते बीजाणूचे रुजणे थांबवत नाही, पानात शिरलेल्या बुरशीची वाढ रोखते, आणि लागणीनंतर सुमारे तीन दिवसांपर्यंत त्याचा लाभ मिळतो. ज्याची खरी ताकद पावसानंतर आहे ते औषध कोरड्या हवामानात एकटेच फवारणे म्हणजे पैसाही घालवणे आणि प्रतिकारक्षम बुरशीची निवडही करणे. म्हणून त्याला मॅन्कोझेबची जोड द्यावी. स्ट्रोबिल्युरिन या बुरशीनाशकांच्या गटाबाबत तर अधिकच काटकसर हवी, कारण तेथे एकाच जनुकातील एका बदलाने संपूर्ण गट एकदम निष्प्रभ होतो आणि युरोपात तसे घडलेही आहे.

या साऱ्या तुलनेला अर्थ येतो तो बागेत बीजाणूंचा साठा किती आहे यावरून. पानगळीच्या तोंडावर ५ टक्के युरियाची फवारणी केल्यास पडलेली पाने लवकर कुजतात आणि वसंतातील साठा बराच घटतो. अशा बागेत साध्या मॅन्कोझेबनेही भागते, तर गळलेली पाने तशीच राहिलेल्या बागेत दोन औषधांचे महागडे तयार मिश्रणही अपुरे पडू शकते.

मॅन्कोझेबचे भवितव्य मात्र निश्चित नाही. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये त्याची मान्यता संपवली, आणि भारतात मे २०२० मध्ये निघालेल्या २७ कीडनाशकांवरील बंदीच्या मसुद्यात मॅन्कोझेब, कॅप्टान आणि कार्बेन्डाझिम ही तिन्ही नावे होती. अंतिम आदेशात ती टळली. उद्या एकटे मॅन्कोझेब गेले तर तेलाची फवारणी कळ्या फुगण्याच्या अवस्थेपर्यंत मागे नेऊन हिरव्या टोकांसाठी कॅप्टानला वाट मोकळी करावी लागेल, किंवा अगदी पहिल्या फवारणीपुरते ताम्रयुक्त औषध वापरावे लागेल. ते पुढे लांबवल्यास फळांच्या सालीवर खरखरीत तांबूस डाग येतात आणि बाजारात अशा फळाला दर मिळत नाही.