धोपाव्याची फेरी आणि हट्टी मुंग्या

कम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्ट व्हायवाला ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधलेला अहवाल, कोणी उघडत नाही, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगसाठी पोरं चिपळूणला हेलपाटे घालतात आणि परीक्षक मुखपृष्ठ बघून म्हणतात, "डेमो दाखवा." यंदाही निम्म्यांचं लायब्ररी मॅनेजमेंट, उरलेल्यांचं लॉजचं बुकिंग. त्यात गुहागरकडच्या एका मुलाचा प्रोजेक्ट वेगळा होता: कृत्रिम मुंग्यांकडून रस्ता शोधून घेण्याचा. त्यावरून झालेला वाद अजून डोक्यात घोळतोय.

त्याचे पप्पा बर्फाची गाडी चालवतात. गुहागर तालुक्यातली बंदरं करायची, धोपाव्याला गाडी फेरीबोटीत घालायची, वाशिष्ठी ओलांडून दाभोळ, पुढे बुरोंडी, हर्णै, आणि परत. कारखाना धरून बारा थांबे. कुठल्या क्रमाने गेलं तर बर्फ कमी वितळेल? म्हणजे आमच्या विषयातला फिरत्या विक्रेत्याचा जुनाच प्रश्न: सगळे थांबे एकेकदा घेऊन कमीत कमी वाटेने परत यायचं.

मी थिअरी ऑफ कम्प्युटेशन शिकवते, त्यामुळे आधी हटकलंच. बारा थांब्यांना मुंग्या कशाला? क्रम होतात ११!/२, म्हणजे १,९९,५८,४००. सगळे तपासले तरी चहा येईपर्यंत उत्तर हातात. हेल्ड आणि कार्प यांची १९६२ची रीत वापरली तर त्याहून लवकर. शिवाय त्याने प्रस्तावनेत लिहिलं होतं, 'मुंग्या एनपी-हार्ड प्रश्न सोडवतात.' एनपी-हार्ड म्हणजे ज्यांना झटपट आणि अचूक रीत अजून कोणालाच सापडलेली नाही असे प्रश्न. ते वाक्य मी खोडलं. १९९४मध्ये एडलमन यांनी सात बिंदूंचा मार्ग डीएनएच्या रेणूंकडून शोधून घेतला तेव्हाही जगभर अशाच टाळ्या पडल्या होत्या. पुढच्याच वर्षी हार्टमानिस यांनी हिशेब मांडला की त्याच पद्धतीने दोनशे बिंदू घेतले तर लागणारा डीएनए पृथ्वीपेक्षा जड होईल. निसर्गाकडून उसनं आणलं म्हणून घातांकी वाढ, म्हणजे दर बिंदूगणिक पटीत फुगणारं काम, माफ होत नाही.

पण पोराला मुंग्याच हव्या होत्या. दोरिगो यांनी १९९२च्या प्रबंधात मांडलेली रीत: प्रत्येक कृत्रिम मुंगी वाटेची लांबी आणि वाटेवरचा गंध बघून पुढचा थांबा निवडते, चक्कर पुरी झाली की मागे गंध टाकते, चक्कर जितकी छोटी तितका जास्त, आणि दर पाळीला थोडा गंध उडून जातो. इथवर कोणीही कॉपी-पेस्ट करेल. ह्याने रस्त्यांची वजनं किलोमीटरऐवजी मिनिटांत घेतली, तीही पप्पांना विचारून. जेटीवर थांबण्याची मिनिटं, गाडी रिव्हर्समध्ये बोटीत चढवण्याची मिनिटं, सगळी. थांब्यांखेरीज तिठेसुद्धा नकाशात घातले. आलेख, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, मांडावा तर असा.

परीक्षकांनी पहिला प्रश्न टाकला, "ऑप्टिमल कशावरून? प्रूफ?" पोरगा गप्प. खरं तर प्रूफ आहे, श्ट्युत्झले आणि दोरिगो यांचं, २००२चं: गंध एका किमान पातळीखाली जाऊ दिला नाही तर पुरेशा पाळ्यांत उत्तम उत्तर सापडण्याची शक्यता एकच्या हवी तितकी जवळ नेता येते. पुरेशा म्हणजे किती, ते त्यात नाही. तोवर बर्फाचं पाणी.

मग ते म्हणाले, "फेरी बंद कर बघू." त्याने केली. हळूहळू मुंग्या चिपळूणवरून वळसा घालू लागल्या, स्क्रीनवर तो रस्ता जाड काळा झाला. "आता चालू कर." केली. पाळ्यांचा आकडा पळत होता आणि मुंग्या आपल्या चिपळूणवरूनच. धोपावे-दाभोळची रेघ फिकट ती फिकटच.

"बग आहे."

"नाही सर," पोरगा म्हणाला, "आमच्याकडे पण असंच होतं. फेरी सुरू झाली तरी लोक दोन दिवस चिपळूणवरूनच जातात."

परीक्षक हसले. मला मात्र राहवेना. १९८९मध्ये ब्रसेल्सच्या गॉस वगैरे मंडळींनी अर्जेंटिनी मुंग्यांना दोन फाट्यांचा पूल दिला होता. दोन्ही फाटे सुरुवातीपासून असले की बहुतेक मुंग्या छोट्याने जात. पण आधी लांब फाटाच ठेवून छोटा अर्ध्या तासाने जोडला, तर बहुतेक वेळा लांबच धरून बसत. गंध लवकर उडत नाही ना. पोराने बाष्पीभवनाचा दर ०.०१ (पाळीला एक टक्का) ठेवला होता. म्हणजे त्याच्या मुंग्या खऱ्या मुंग्यांसारख्याच वागल्या!

"मॅडम, आपल्याला मुंगी नकोय, उत्तर हवंय," परीक्षक म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच जास्त झोंबला. वटवाघळं, लांडगे, काजवे असं एकेक जनावर पकडून जुनीच रीत नव्या नावाने खपवणाऱ्या पेपरांचा मलाही उबग आलाय. सोरेन्सेन यांनी २०१५च्या लेखात त्यांची साग्रसंगीत हजेरी घेतली आहे. पण मग मॉडेल 'जैविक' म्हणायचं ते कशासाठी? जीवासारखं अडकलं की बग, जीवापेक्षा हुशार निघालं की प्रेरणा?

मार्क कमी पडले. परीक्षक सुरमईच्या थाळीवर ताव मारून गेले. त्यांनी इतर ब्लॅक बुकं उघडली नाहीत, ह्याचं एकच पान उघडलं, ग्राफचं.

घरी दर ०.५ करून पाहिला, दोरिगो आणि सहकाऱ्यांच्या १९९६च्या पेपरात आहे तसा. मुंग्या फेरीवर चटकन परतल्या. पोराला कळवलं तर तो म्हणाला, "पप्पा म्हणतात, एवढं कशाला? जेटीवर फोन लावायचा." हा फोन मॉडेलमध्ये घालता येतो. जिथे बदल झाला तेवढ्याच भागातला गंध पुन्हा सारखा करायचा, गुंटश आणि मिडेनडॉर्फ यांनी २००१मध्ये तेच केलंय. पण वाटेबाहेरून कोणीतरी येऊन सांगायचं असेल, तर त्या मुंग्यांच्या हिशेबात मुंगीचं किती आणि जेटीवरच्या माणसाचं किती, हे मला अजून मांडता येत नाहीये.