अंदमानचे सात दिवस: बोटी, ओहोटी आणि पाचची संध्याकाळ

डिसेंबरात अंदमानला पाच वाजता सूर्य मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला, त्यामुळे संध्याकाळ आपल्याकडच्यापेक्षा तासभर आधी उरकते. मुंबई-पुण्याच्या सवयीने आरामात नाश्ता करून दहाला बाहेर पडणाऱ्यांचा निम्मा दिवस इथे वाया जातो. पाचला उठा, सहाला किनाऱ्यावर असा, दुपारी झोप काढा. या एका बदलाने सहल दीडपट मोठी होते.

सहा रात्रींची वाटणी अशी बरी पडते: पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक दोन, नील दोन आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. नावं बदलली आहेत. 2018 पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप; 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर नवी नावं असतात, बोलण्यात जुनी, म्हणून दोन्ही लक्षात ठेवा. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी, यात तडजोड नको. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि सकाळी नीलहून निघून दुपारचं विमान पकडायचा बेत केलेल्यांचं विमान हमखास चुकतं. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात, तेव्हा हा धोका जास्त. समुद्र सर्वांत शांत मिळतो तो जानेवारी ते एप्रिल. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मात्र आपल्या आधी, मेमध्येच तिथे पोचतो.

पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. काही ठरावीक दिवशी बंद असतं, म्हणून विमानाचं तिकीट काढतानाच वार बघा. मधल्या मनोऱ्याभोवती सात इमारती होत्या, त्यातल्या तीन उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात, त्यामुळे समोरच्या कैद्याचं तोंडही दिसत नसे. सावरकरांना इथे 1911 च्या जुलैत आणलं. त्यांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, टोकाला. तिला एकामागे एक अशी दोन दारं आहेत. कोठडी साडेतेरा फूट बाय साडेसात फूट, मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका. दाराचा कडी-कोयंडा मुद्दाम पाहा: कडी भिंतीतल्या खाचेत इतकी आत जाते की गजांतून हात काढूनही ती हाती लागू नये. बहुतेक गट इथे फोटो काढून पाच मिनिटांत खाली उतरतात. तसं करू नका. कोलूचा (तेलाच्या घाण्याचा) नमुना, फाशीघर, गच्ची हे सगळं पाहायला दोन तास हातात ठेवा. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम हिंदी आणि इंग्रजीत वेगवेगळ्या वेळी असतो; हिंदीचं तिकीट आधी संपतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक. खासगी बोट दीड तासात नेते. बंद काचा, वातानुकूलित, बहुतेक बोटींवर बाहेर उभं राहता येत नाही. सरकारी बोटीला दोन-अडीच तास लागतात, पण डेकवर उभं राहता येतं आणि पाण्यावरून सूर मारणारे उडते मासे दिसतात. एक फेरी तरी सरकारी बोटीने करावी. तिच्या तिकिटांत बेटावरच्या लोकांना प्राधान्य असतं आणि ते योग्यच आहे. ही त्यांची एसटी आहे, दवाखान्यापासून कोर्टापर्यंत सगळं तिच्यावर चालतं. ओळखपत्र मूळ हवं. खासगी बोटीत सामानाच्या वजनाला मर्यादा असते, ती तिकिटावर वाचून घ्या. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर घ्या. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. खालच्या मजल्यावर, मध्याच्या मागे बसा. पुढच्या भागात हेलकावे जास्त. मोबाइलच्या पडद्याकडे बघणं हे निम्म्या उलट्यांचं कारण असतं.

हॅवलॉकचा राधानगर किनारा धक्क्यापासून 12 किलोमीटरवर आहे. तीनला पोचा, पण जातानाच परतीची रिक्षा किंवा गाडी ठरवून ठेवा. अंधार पडल्यावर सगळे एकदम निघतात आणि वाहनं पुरत नाहीत. इथली वाळू पिठासारखी बारीक आणि पांढरी, भर उन्हातही पायाला फारशी भाजत नाही. पोहा, पण जीवरक्षकाच्या नजरेसमोर. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्लेही केले आहेत. खाडीचं तोंड, खारफुटीची कड आणि संधिप्रकाशातलं पाणी टाळा. मगरीची पाटी दिसली तर ती शोभेची नाही.

स्कूबासाठी पोहता यायलाच हवं असं नाही. कानाचं तंत्र मात्र यायला हवं. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, तेही दर अर्ध्या-एक मीटरला, कान दुखायच्या आधी. दुखल्यावर फुंकून उपयोग नसतो. थोडं वर यायचं आणि पुन्हा करायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी रद्द करा. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांबद्दल अर्जात खरं लिहा. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतं. मिशीला पेट्रोलियम जेली लावली की बरंचसं थांबतं. मास्कच्या कडेखाली आलेला एक केसही पुरतो. एकदाच पाण्याखाली गेला असाल तर विमानाआधी किमान 12 तास, जास्त वेळा गेला असाल तर 18 तास जाऊ द्या. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघतो, विमानातल्या कमी दाबाने त्याचे बुडबुडे होतात. म्हणूनच स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या सकाळी ठेवावं. तळाशी जाहिरातीतले रंग दिसतीलच असं नाही. 2010 मध्ये पाणी तापल्याने इथले पुष्कळ प्रवाळ पांढरे पडून मेले. उथळ भागात करड्या फांद्या दिसतात, जिवंत प्रवाळ थोडे खोल. सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला, पाठही वाचते आणि प्रवाळही.

नीलला लोक दुपारपुरते येतात आणि निघून जातात, हे आम्हाला फार खटकतं. सहलीतलं सर्वांत सुंदर बेट हेच. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी ते वसवलं आणि गावांना रामायणातली नावं दिली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. हॅवलॉकला राधा, गोविंद, कृष्ण. इथे रामाचं कुटुंब. खानावळीत गरम भात, डाळ, मोहरी लावलेला मासा मिळतो. शाकाहारी थाळीही सहज. सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूरला.

नीलचा बेत मात्र ओहोटीवर बांधायचा. लक्ष्मणपूरजवळचा नैसर्गिक दगडी पूल पाणी उतरल्यावरच नीट पाहता येतो, भरतपूरच्या काचतळाच्या बोटींना उलट भरती लागते. म्हणजे एकाच दिवशी दोन्ही जमतात, फक्त वेळा वेगळ्या. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब इथे चालत नाही. पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा. वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते एवढं मात्र सगळीकडे सारखंच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत जास्त मागे जातं, अष्टमीच्या भांगात, म्हणजे मंद भरती-ओहोटीत, फारसं नाही. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी उतरा आणि पाणी वळलं की निघा.

पुलापर्यंतचा रस्ता शेवाळलेल्या, धारदार खडकांचा. साध्या चपला घसरतात; मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल हव्यात. खळग्यांत गुडघ्याएवढं पाणी उरतं. एकाच खळग्यापाशी दहा मिनिटं उकिडवं बसून राहा: आधी नुसते दगड दिसतात, मग एक काळा दगड सरकतो आणि ती समुद्रकाकडी निघते, मग शंख चालू लागतो, कारण आत खेकडा आहे. हात लावू नका, उचलून फोटो तर नकोच. मेलेलं प्रवाळ आणि शिंपलेही पिशवीत टाकू नका. विमानतळावर सामान तपासतात आणि वन्यजीव कायद्याखाली कारवाई होते.

किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ वाळूमाश्या चावतात. चावा लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी खाज सुटते आणि आठवडाभर जात नाही. ओल्या वाळूवर थेट बसू नका, पायांना खोबरेल तेल चोपडा, खाजवू नका.

बाराटांग बेटावरची चुनखडीची गुहा पाहायला पहाटे निघून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याने जावं लागतं. तिथे थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हे सगळं गुन्हा आहे. आमचं स्पष्ट मत, हा दिवस गाळावा आणि नीलला द्यावा. माणसं दिसतील या आशेने काचेला नाक लावून बसलेल्या गाड्यांची रांग त्या जंगलात जितकी कमी होईल तितकी बरी.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. छोट्या बेटांवर एटीएम मोजकी, आणि नेटवर्क गेलं की मोबाइलवरून पैसे देणंही अडतं. बोटीची तिकिटं आणि हॉटेलचा पत्ता कागदावर छापून जवळ ठेवा.