रोझे वाइन समजून घेताना

संभाजीनगरात रोझे मागितली की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: “गोडच पाहिजे ना?” गुलाबी म्हणजे गोड, असं आपल्याकडे सगळे धरूनच चालतात. मला मात्र हा रंग येतो कुठून, हे आधी बघायचं होतं.

ते बघायला मिळालं कडवंचीत. जालना जिल्ह्यातलं हे द्राक्षांचं गाव, तिथं मामांची बाग आहे. काढणी चालू होती. काळ्या द्राक्षांचे घड पातेल्यात चुरगळले, तर रस निघाला पांढुरका. रंग सगळा सालीत. सालींसकट झाकून ठेवला, तेव्हा कुठं दुपारपर्यंत गुलाबी झाला. मामा वाकून म्हणाले, “हे तर रूह अफ्जावाणी दिसायलंय की!”

रोझे करणारेही बहुतेक हेच करतात. काही तास साली रसात ठेवायच्या, मग रस गाळून आंबवायचा. रेड वाइनमध्ये साली आंबतानाही आतच राहतात, म्हणून तिला तो गडद रंग आणि तुरटपणा. लाल आणि पांढरी वाइन एकत्र करून रोझे बनवायला युरोपात बंदी आहे. शॅम्पेनसारखे मोजके अपवाद.

गोडीचं गणित वेगळंच. यीस्टनं साखर संपवली की वाइन ड्राय, साखर उरली की गोड. फ्रान्समध्ये प्रोव्हान्सची रोझे अगदी फिकट, तावेलची चांगलीच गडद, आणि दोन्ही ड्राय! गुलाबी म्हणजे गोड हा समज मला वाटतं अमेरिकेतल्या व्हाइट झिनफंडेलनं पसरवला; नावात ‘व्हाइट’ असली तरी ही गुलाबी वाइनच. १९७५च्या सुमारास सटर होम या वायनरीच्या एका टाकीतलं आंबणं मध्येच अडकलं, साखर उरली, आणि लोकांना तीच आवडली.

मग घरी नाशिकची एक ड्राय रोझे नान-खलियासोबत, म्हणजे नान आणि मटणाच्या तिखट रश्श्यासोबत, घेतली. रेड वाइनच्या तुरटपणानं तिखट आणखी भडकतं. इथं तसं झालं नाही. आधी स्ट्रॉबेरीचा वास, मग आंबटसर घोट, आणि तोंड पुढच्या घासाला तयार. पुरणपोळीसोबत मात्र नुसती आंबटढाण लागली. ८ ते १२ अंशांवर ती खुलते. बर्फगार केली की वास मिटतो, आणि आमच्या मे महिन्यात ग्लासातली दहा मिनिटांत कोमट होते, म्हणून थोडी थोडीच ओतायची.

रोझे मुरवत ठेवायची वस्तू नाही, बहुतेक बाटल्या वर्ष-दोन वर्षांत संपवाव्यात. शोकेसमध्ये उन्हात उभी केलेली बाटली मी घेत नाही, कितीही सवलत असो.